पोच

तुर्भ्याच्या मसाला बाजारात मी जमाखर्च लिहिते.
हळद किती उतरली, गोणीमागे तूट किती.
त्यामुळे 'तारांडं' लागायचं तेव्हाही
मांडीवर दोनशे पानी वही.
इंधन: एकोणीस टाक्या.
माणसं: एकतीस.
पाणी मोजूनमापून, अंघोळ पंधरवड्याला.

ऐरोलीत सेक्टर पाचला, हेरंब सामकच्या घरी जमायचो.
नजमा परकार डब्यातून सांदणं आणायची.
दिवा कोळीवाड्यातून रोहिदास तांडेल यायचा,
दर गुरुवारी दारात थांबून विचारायचा, येऊ का.

यानाचं दार वॉशिंग मशीनचं होतं
हे आम्हाला ठाऊक होतं.
तो लाल ग्रह म्हणजे पारसिकच्या डोंगरातली खाण,
हेही.
हेरंबने तर एकदा चित्र थांबवून
क्षितिजावरचा विजेचा खांब दाखवला.
हसलो. आणखी एकेक सांदण घेतलं.
खांबाचं काही नव्हतं हो.

दुसरं पर्व, अकरावा भाग.
सुकाणूवरची हेमांगी आईला निरोप पाठवते:
मी परत येत नाही.
शेजारचा पोरगा खाली बघत म्हणतो,
पोचायला चार वर्षं. उत्तराला आणखी चार.
ती बोटांवर आईचं वय मोजू लागते.
त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर...
अंगठ्यापाशी थांबते.
मागे वाद्य नाही, काही नाही. नुसता पंख्याचा आवाज,
तो यानातला की हेरंबच्या खोलीतला, कळेना.

त्या रात्री नजमाने जिन्यातूनच रत्नागिरीला फोन लावला.
अब्बा झोपले होते, तरी उठवलं.

मग चौथं पर्व आलं. पैसा आला.
काचेची दारं, निळे दिवे, तीन चंद्र.
हेमांगीने भिंतीवर बोट टेकवलं
आणि समोर आई उभी, त्याच क्षणी,
मागच्यापेक्षा तरुण,
जेवलीस का बाळा, म्हणून विचारत.
व्हायोलिनं वाजली.
तिसऱ्या पर्वात मेलेले सहाजण
दुसऱ्या कुठल्याशा विश्वातून चहाला हजर झाले.
टाक्यांचं नाव कुणी काढलं नाही.

मी वही घेऊन बसले होते.
ती चार वर्षं कुठल्या खात्यावर टाकायची?

रोहिदास बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,
"होरीला भोक परलं त बुजवता येतं.
पन भरती-व्हटीच इसरला,
त्यो नाखवा कसला?"

ऑफिसात सांगितलं तर भिडेसाहेब म्हणाले,
अहो, खोटंच असतं ते, एवढं काय मनाला लावून घेता!
खोटं होतं म्हणूनच, साहेब.
खऱ्याचं चालून जातं.
व्यापारी तोंडी भाव फिरवतो,
सिडकोची तारीख पुढे जाते,
तरी सकाळ होते, गोण्या उतरतात.
खोट्याकडे दुसरं भांडवल नसतं,
दिलेल्या शब्दाखेरीज.

गुरुवार विरळ होत गेले.
हेरंब उलव्याला राहायला गेला, टीव्ही मोठा घेतला म्हणे.
पाचवं पर्व कुणी पाहिलं, मला माहीत नाही.

माझ्या वहीत मात्र तो निरोप अजून वाटेतच होता.
या आश्विनात चार वर्षं भरली.
मी तिघांना कळवलं, ऐरोलीच्या खाडीवर या.
आले. हेरंबसुद्धा, अर्धा तास उशिरा.
नजमा म्हणाली, यानातलं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं,
लीपचा दिवस धरायचा नाही,
निरोप कालच पोचला.
मी म्हटलं, नाही, आजच.
बराच वाद झाला. सांदणं संपली.
पलीकडे मुलुंडचे दिवे,
त्यांच्या वर एक तारा, तोही बहुधा विमान.

साडेनऊला मी शेवटचं पान उघडलं,
'पोच' लिहिण्यासाठी टोपण काढलं.

"थांब जरा," रोहिदास म्हणाला.
"म्हातारी जागी असंल का?"